दिवा लागला म्हणजे वायरिंग झालं?

लालबाग-परळच्या चाळीत दहावीला मार्क कमी पडले की मुलाला मिळणारा सल्ला ठरलेला असतो : एखाद्या वायरमनच्या हाताखाली राहा, सहा महिन्यांत हात बसेल. हात बसण्याला या सल्ल्यात दिलेलं महत्त्व गैर नाही. गैर आहे ती त्यामागची समजूत, की तार ओढली, बटण दाबलं आणि दिवा लागला म्हणजे काम आलं. नळाचं काम चुकलं तर पाणी गळतं. वायरिंग चुकलं तरी दिवा लागतोच. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं तरी दिवा लागतो आणि बंदही होतो. फक्त बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्ट असतात, आणि ते बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला कळतं. अर्थिंगची तार बोर्डामागे नुसती गुंडाळून ठेवली तरी फ्रिज आणि गीझर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. म्हणजे दिवा लावणं हा या धंद्यातला सोपा भाग. खरं शिकायचं ते न दिसणारी चूक हुडकून काढणं.

‘फ्यूज सारखा उडतो? जाड तार घाल,’ हा जिन्याखालच्या मीटरच्या फळीवर हमखास सापडणारा उपाय. गिरगावातल्या जुन्या खोल्यांत पहिलं वायरिंग पडलं तेव्हा एक-दोन दिवे, पंखा, फार तर रेडिओ एवढाच भार होता. आता त्याच खोलीत दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो आणि २ किलोवॉटचा गीझर जवळपास ९. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते; प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. फ्यूजची तार जाड केली की वितळायची पाळी भिंतीतल्या तारेवर येते. एमसीबी बसवला की शॉकची भीती संपली, ही याच समजुतीची सुधारून वाढवलेली आवृत्ती. १६ अँपिअरचा एमसीबी तारेची राखण करतो, माणसाची नाही. छातीतून ०.१ अँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकतं, आणि तेवढ्याने एमसीबी जागचा हलत नाही. त्यासाठी आरसीसीबी हवा. घरगुती आरसीसीबी ०.०३ अँपिअरच्या गळतीला वीज तोडतो. हे गणित शाळकरीच आहे, पण ते केल्याशिवाय तारेची जाडी ठरत नाही. लोहार चाळीतला दुकानदार दीड, अडीच की चार स्क्वेअर एमएम असं विचारतो, तेव्हा ‘गेल्या वेळी नेली तीच द्या’ हे उत्तर होऊ शकत नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे : जुने उस्ताद कारागीर कुठे वर्गात बसले होते? लाकडी केसिंग-कॅपिंगमधली ठिसूळ तार न मोडता कशी काढायची, शेजारच्या खोलीतून उसना घेतलेला न्यूट्रल कसा ओळखायचा, हे फळ्यावर शिकवता येत नाही, हे मान्यच. पण नुसती सवय कुठे फसते तेही पाहा. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला की ‘डबल फेज आला’ असं निदान होतं. घरात एकच फेज येत असेल तर दुसरा कुठून येणार? बहुधा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असतो आणि चालू राहिलेल्या पंख्यातून फेजच त्या तारेत उतरलेला असतो. तिथे वीज आहे एवढंच टेस्टर सांगतो. ती कुठल्या वाटेने आली हे सर्किट डोक्यात असलेल्यालाच कळतं. तारेच्या आवरणाचं तर टेस्टर काहीच सांगत नाही. त्याला मेगर लागतो : ५०० व्होल्टचा दाब द्यायचा आणि रोध निदान १ मेगओहम भरतो का ते पाहायचं.

कागदपत्रांबाबतही घोळ आहे. आयटीआय दहावी नापासांसाठी, असं सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात तिथल्या इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला विज्ञान-गणितासह दहावी उत्तीर्ण लागते. आठवीवर प्रवेश मिळतो तो वायरमनच्या अभ्यासक्रमाला. दुसरं, आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. तो राज्य शासनाकडून वेगळा काढावा लागतो. पंखा, बटण किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंग परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावं, असा नियम आहे. गल्लीत तो किती पाळला जातो, हा प्रश्न वेगळा. दोन वर्षं बिनकमाईची कुठल्या घराला परवडतात, ही अडचण मात्र खरी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवारीत विद्यावेतन मिळतं, पण ते पगाराची जागा घेत नाही. तरीही हा हिशेब पहिल्या दोन वर्षांपुरता मांडून चालत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, आणि त्यांच्यासोबत गिरण्यांची इलेक्ट्रिक खातीही. आता त्याच जमिनींवर टॉवर आहेत. तिथे लिफ्ट, पंप, पॅनेल, सगळंच विजेवर. अशा साइटवर हाताचं कसब मजुरी मिळवून देतं. जोडणी मागताना बेस्टला द्यायच्या चाचणी अहवालावर मात्र सही लागते, आणि ती परवानाधारकाचीच.