टाकीची कल्हई

जुन्या जावाच्या टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला, की गाडी किती काळ उभी होती ते लगेच कळतं. बाहेर मरून रंग आणि क्रोम अजून चकाकत असतं. आत मात्र तांबेरा, तळाला ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा गाळ आणि शिळ्या पेट्रोलचा आंबूस दर्प.

मूळची चेकोस्लोव्हाकियाची ही मोटरसायकल १९६१पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली. १९७३मध्ये तिची येझदी झाली आणि १९९६मध्ये कारखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून तिथून एकही नवी टाकी बाहेर पडलेली नाही. आहे तीच वाचवायला हवी.

गंजाची सुरुवात पाण्यापासून. टाकी अर्धी रिकामी राहिली, की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दवासारखी जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते ओघळून तळाशी बसतं. फ्रेमची नळी बसावी म्हणून टाकीच्या पोटात खोबण असते. तिच्या दोन्ही अंगांना खोल कोपरे तयार होतात आणि पेट्रोलचा कॉक उघडला तरी तिथलं पाणी पुरतं निघत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल शोषून घेतं. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात उभ्या गाडीचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. पुढे या गंजाची पूड कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकते, गाडी चढावर दम तोडते आणि आपण प्लग बदलत बसतो.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक असते. आत हवेत मिसळलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीनं पेटते. म्हणून काम उघड्यावर करायचं आणि आसपास विडी, शेगडी काही नको.

कॉक काढून ते भोक बोल्टनं बंद करायचं. जावा टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. पेट्रोल उडून गेलं तरी ऑइलचा चिकटा पत्र्यावर राहतो. तो साबणाच्या गरम पाण्यानं आधी निघाला पाहिजे, नाहीतर आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही. मग मूठभर नट मोजून आत टाकायचे आणि टाकी सर्व अंगांनी हलवायची. सुरुवातीला गाळात रुतलेले नट दबका आवाज करतात; पत्रा मोकळा होत गेला, की तोच आवाज खणखणीत होतो. नट मोजूनच बाहेर काढायचे. त्यानंतर सायट्रिक आम्ल घातलेलं गरम पाणी गळ्यापर्यंत भरून रात्रभर ठेवायचं. बाहेरच्या रंगावर थेंब सांडला तर लगेच धुवायचा. सकाळी पाणी काळपट निघतं आणि आतला पत्रा राखाडी दिसतो. खायच्या सोड्याच्या पाण्यानं उरलेलं आम्ल मारून टाकी विनाविलंब गरम हवेनं कोरडी करायची. उशीर झाला तर डोळ्यांदेखत पिवळी झाक चढते.

इथवर आलेला माणूस घाई करतो. मीही केली होती. श्रावणात, दमट हवेत, कोपऱ्यात ओल असताना मी पहिल्या टाकीत आतून अस्तर देणारा सीलर ओतला. सहा महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटले आणि कॉकमध्ये जाऊन बसले. ते खरवडून काढायला गंज काढण्यापेक्षा दुप्पट कष्ट पडले. तेव्हा लहानपणीचा कल्हईवाला आठवला. तो पातेलं आधी घासायचा, भात्यावर तापवायचा, नवसागर मारायचा आणि मगच कथील फिरवायचा. जिथं मळ राहील तिथं कथील धरत नाही. सीलरचंही तेच आहे.

भोकं मोठी असतील तर ती आधी जाणत्या माणसाकडून झाळून घ्यावीत; सीलर भोकाचं ठिगळ नव्हे. इथेनॉलला टिकणारा दोन भागांचा इपॉक्सी घ्यावा, डब्यावरच्या प्रमाणात कालवावा आणि टाकी सावकाश फिरवत दोन्ही कोपऱ्यांत पोचवावा. उरलेला ओघळू द्यावा, कॉकच्या आट्या आणि झाकणाचं हवेचं छिद्र मोकळं ठेवावं. मग डब्यावर लिहिलेत तितके दिवस टाकीला हात लावू नये.

शेवटी पुन्हा टॉर्च मारावा. कोपऱ्यापर्यंत सलग, गुळगुळीत अस्तर दिसलं, की टाकी काठोकाठ भरावी, गाडी बाहेर काढावी आणि पुन्हा कधी महिनोन्महिने उभी ठेवू नये.