पावसाळ्यासाठी पूल बंद करताय? आधी पाणी तपासा

मंडळी, आपल्या रहिमतपूरकडे फार्महाऊस चालवायचं म्हणजे पाऊस लागला की पूलचं गिऱ्हाईक थांबणार. म्हणून पूल रिकामा करू नका! जमिनीत मुरलेल्या पाण्याचा दाब खालून येतो, रिकामी टाकी तडकू शकते.

पाणी ठेवा, पण तोल साधून. आधी अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम. ५०,००० लिटरला ती १० पीपीएमनं वाढवायला साधारण ९०० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. मग पीएच ७.२ ते ७.६. क्रम उलटा केलात की पीएच पुन्हा हलतो, पैसे पाण्यात. क्लोरीन शेवटी, ऊन उतरल्यावर, पंप चालू ठेवून. (ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत कधीच नको, विषारी वायू होतो.)

पावसानं अल्कलिनिटी उतरते, म्हणून दर आठवड्याला टेस्टची पट्टी बुडवून बघा. आम्लधर्मी पाणी टाइल्समधलं सिमेंट खातं, आणि ते काम नेमकं दिवाळीच्या बुकिंगच्या तोंडावर निघतं.