कुंपणापलीकडची शाळा

वेल्सच्या वायव्येला अँगल्सी बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांना लागून ‘आरएएफ व्हॅली’ हा ब्रिटिश हवाई दलाचा तळ आहे. लढाऊ वैमानिक होऊ घातलेले तरुण-तरुणी जेट विमानावरचं प्रगत शिक्षण इथे घेतात. तळावर अर्थातच मज्जाव आहे. पण कुंपणाबाहेरचे रस्ते आणि शेजारचा समुद्रकिनारा सर्वांना खुला असतो. कॅमेरे, दुर्बिणी घेऊन विमानप्रेमी तिथे तासन् तास उभे राहतात. जायचं तर सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी सहसा उड्डाणं नसतात.

हा तळ सुरू झाला फेब्रुवारी १९४१मध्ये, ऐन महायुद्धात. किनाऱ्यावरची उडती वाळू ही मोठी डोकेदुखी होती. ती बसवण्यासाठी जवळच्या दलदलीतली काळी माती खणून पसरली जाई. १९४२ साली त्या खोदकामात एक लोखंडी साखळी निघाली. चिखलात रुतलेले ट्रक ओढायला कामगारांनी ती खुशाल वापरली आणि ती तुटली नाही. नंतर उलगडा झाला, की ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, माणसांना गळ्यापाशी जखडण्याची साखळी होती! त्याच जागी तलवारी, भाले, रथांचे भाग अशा दीडशेहून अधिक वस्तू मिळाल्या.

१९६२पासून इथे शिकवायला नॅट विमानाची दोन आसनी आवृत्ती होती. १९६५च्या युद्धात आपल्या हवाई दलाने गाजवलेलं ते चिमुकलं नॅट, त्याचंच हे भावंड. १९७६मध्ये त्याची जागा हॉकने घेतली. आज दिसतं ते त्याचं नवं रूप, हॉक टी-२. शिकाऊ वैमानिक पुढे, प्रशिक्षक मागच्या जरा उंच आसनावर. विमानात रडार नाही. तरी समोरच्या पडद्यावर शत्रूची विमानं कृत्रिमरीत्या उभी करून लढाईचे धडे देता येतात. रंग चकचकीत काळा, कारण आकाशाच्या पार्श्वभूमीवर तोच सर्वांत ठळक दिसतो आणि टक्कर टळते.

कुंपणाशी उभं राहिलं की आधी नाकावरचा दिवा दिसतो, मग आवाज येतो. विमान धावपट्टीवरून वेगात सरळ जातं, झटकन एका पंखावर कलतं आणि त्या वळणातच वेग मोडतं. वळसा घेताना चाकं उतरतात, फ्लॅप खाली येतात. चाकं धावपट्टीला टेकतात न टेकतात, तोच इंजिन पुन्हा गरजतं आणि विमान वर जातं. पुन्हा वळसा, पुन्हा टेकणं. नीट पाहिलं तर एक उतरणं धसमुसळं आणि पुढचं अलगद असतं. शिक्षण डोळ्यांदेखत घडताना दिसतं. वेल्सच्याच डोंगराळ भागातल्या ‘मॅक लूप’ दऱ्यांत तर विमानं जमिनीपासून अवघ्या २५० फुटांवरून जातात. उतारावर उभ्या असलेल्या माणसाला ती चक्क वरून दिसतात.

या जागेशी आपलंही नातं आहे. आपले नवशिके वैमानिक वर्षानुवर्षं किरणसारख्या साध्या ट्रेनरवरून थेट मिग-२१वर जात. नाशिकजवळच्या ओझरला बांधलं जाणारं हे विमान उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगात असे. मधली पायरीच नव्हती. प्रगत जेट ट्रेनरची गरज १९८२ साली नेमलेल्या ला फाँटेन समितीने सांगितली. त्यासाठी ६६ हॉकचा करार व्हायला २००४ साल उजाडलं. दरम्यान अनेक तरुण अधिकारी अपघातांत गेले. करार झाल्यावर, विमानं हाती येईपर्यंत आपल्या वैमानिकांच्या तुकड्या व्हॅलीतच शिकल्या. फेब्रुवारी २००८मध्ये बिदरच्या तळावर हॉक रीतसर दाखल झालं.

राफेल किंवा सुखोई डोक्यावरून गेलं की आपण टाळ्या वाजवतो, आणि त्या वाजवाव्यातच. पण त्या विमानात बसलेल्या मुलीचे वा मुलाचे हात अशाच एखाद्या तळावर, एका साध्या ट्रेनरवर तयार झालेले असतात. नवी लढाऊ विमानं किती आली, हे आपण नेहमी विचारतो. ट्रेनर पुरेसे आहेत का, हेही तितक्याच आग्रहाने विचारायला हवं. त्या प्रश्नाच्या उत्तराला २२ वर्षं लागली, तर त्याची किंमत विशी-पंचविशीतली मुलं मोजतात.