घाटात धापा टाकणारी गाडी

पहाटे भाजी भरून पिकअप तयार असते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. झालेच, तर घाटात धापा टाकते. लिलाव चुकला की माल मातीमोल! घाबरलेला मालक लगेच डिझेलपंप उतरवायला निघतो. पण जरा थांबा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते. म्हणून बॅटरी उतरली, ग्लो प्लग जळला किंवा नळीत हवा शिरली, की गाडी अडते. डिझेल फिल्टर तुंबला, की चढावर ताकद जाते. काळा धूर दिसला, तर एअर फिल्टरही पाहा. आधी फिल्टर बदला, नळीचे जोड आवळा, हातपंपाने हवा काढा. मोठा खर्च त्यानंतर.