हिमबिबट्या पाहायचाय? आधी झोपून राहा!

हिमबिबट्या पाहायला लडाखला जायचं ठरलं की आपण काय करतो? जॅकेटांची यादी काढतो, लेन्सच्या किमती बघतो. पण या मोहिमेची सगळ्यात मोठी तयारी लेहला उतरल्यावर होते, आणि तीही अंथरुणात पडल्या पडल्या!

लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे. कळसूबाईच्या दुपटीहून उंच! मुंबईहून विमानाने काही तासांत तिथे पोहोचलात, तर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू जवळपास एकतृतीयांशाने घटलेला असतो. शरीर लगेच श्वासाचा वेग वाढवतं. इथेच खरी गंमत सुरू होते. भरभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अधिक अल्कधर्मी होतं, आणि मग मेंदूच श्वासाला लगाम घालू लागतो. जणू एकाच गाडीत एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर!

ही कोंडी फोडतं कोण? मूत्रपिंडं! रक्तातलं जादा बायकार्बोनेट ती लघवीवाटे बाहेर टाकतात आणि ब्रेक सैल होतो. लेहमध्ये सारखं लघवीला लागलं तर घाबरू नका. शरीर कामाला लागलंय. या कामाला दोनेक दिवस द्यावेच लागतात. तोवर धावपळ नाही, मद्य नाही. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं.

मग जन्मभर तिथेच राहणाऱ्या हिमबिबट्याचं रक्त खासच असणार, नाही का? शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र कळलं, की त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवण्यात आपल्या घरच्या मांजरीपेक्षा सरस नाही! तरीही हा प्राणी त्या उभ्या कड्यांवर शिकार करतो.

थंडीसाठी मात्र त्याची तयारी चोख आहे. पोटावरचे केस हिवाळ्यात 12 सेंटिमीटरपर्यंत वाढतात. जवळजवळ मीटरभर लांब, जाड शेपूट तो झोपताना तोंडाभोवती गुंडाळून घेतो. ऊब देते ती केसांत अडकलेली हवा. आपणही तेच करायचं: एका जाडजूड कोटापेक्षा थरावर थर घालायचे. आतला घाम टिपून बाहेर सोडणारा, मधला लोकरीचा, वरचा वारा अडवणारा. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवायच्या, कारण थंडीत त्यांच्यातली रासायनिक क्रिया मंदावते.

एवढ्या कडाक्यात जायचंच कशाला? कारण बर्फामुळे भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, खालच्या दऱ्यांत उतरतात आणि त्यांच्यामागे हिमबिबट्या. शिवाय जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्यांचा मीलनाचा काळ. दऱ्यांतून हाका ऐकू येतात. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांतले वाटाडे दुर्बिणीतून तासन् तास कडे न्याहाळतात. राखाडी दगडांवर राखाडी ठिपके दिसायचे कसे? वाटाडे भरलांकडे बघतात! अख्खा कळप चरायचा थांबून एकाच दिशेला रोखून पाहू लागला, की दुर्बीण तिकडे वळते.

2024 साली जाहीर झालेल्या गणनेत भारतात 718 हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यातले 477 लडाखमध्ये. रात्री गोठ्यात शिरून मेंढ्या मारणारा हा प्राणी गावकऱ्यांचा शत्रू होता. जाळीने झाकलेले गोठे आले, पाहुणे घरी राहू लागले, आणि त्याच्या जिवंत असण्यातून गावाला उत्पन्न मिळू लागलं.

तेव्हा जाणार असाल तर दोन गोष्टी करा. तिकीट काढताना लेहमधल्या विश्रांतीचे दोन दिवस जास्तीचे धरा, आणि मुक्काम गावातल्याच एखाद्या घरी करा. पहिली गोष्ट तुमच्या जिवासाठी, दुसरी हिमबिबट्याच्या.