एक दात चुकला तर?

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली काळी-पिवळी 'पद्मिनी' आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. 2023 मध्ये ती तेथील टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. पण काही हौशी मंडळींनी अशा गाड्या अजून जपल्या आहेत. अशा गाडीच्या इंजिनाच्या पुढच्या भागातून साखळी घासल्यासारखा खडखडाट येऊ लागला, की टायमिंग चेन झिजल्याची शंका घ्यावी. ती घरच्या अंगणातही बदलता येते. मात्र पाना हातात घेण्यापूर्वी ही साखळी काय करते ते पाहू.

मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे, या चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हायला हवा. त्यासाठी कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात आणि साखळी दोघांना बांधून ठेवते. क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते!

'साखळी ताणली गेली' असे आपण म्हणतो. खरे तर पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी झिजते. समजा, एका सांध्यात 0.05 मिलिमीटर झीज झाली. ओढ घेणाऱ्या बाजूला 20 सांधे असतील, तर 1 मिलिमीटर ढिलाई आली. तेवढ्या झडपा उशिरा उघडतात आणि इंजिनाचा जोर कमी होतो.

आता काम. बॅटरीची तार काढावी. रेडिएटरमधले पाणी इंजिन थंड झाल्यावरच सोडावे. मग रेडिएटर, पंख्याचा पट्टा, क्रँकची पुली आणि पुढचे झाकण काढावे. जुनी साखळी उतरवण्यापूर्वी इंजिन हाताने फिरवून दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवाव्यात. साखळीबरोबर चाकेही नवी घालावीत. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी लवकर खराब होते.

सर्वांत मोठा धोका इथेच आहे. क्रँकच्या चाकाला 20 दाते आहेत असे धरा. एक दात चुकला, तर 360 ÷ 20 = 18 अंशांची चूक! गाडी धड चालणार नाही. काही इंजिनांत तर पिस्टन उघड्या झडपेवर आदळून ती वाकते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवावा. एका फेऱ्यानंतर कॅमची खूण विरुद्ध बाजूला दिसेल, दुसऱ्यानंतर खुणा पुन्हा जुळतील. मध्येच अडले, तर जोर लावू नये, कारण शोधावे.

वर्गात इंजिन आणता येणार नाही, पण सायकलची जुनी साखळी आणता येईल. तिच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर 12.7 मिलिमीटर असते. म्हणजे नव्या साखळीचे 100 दुवे 1270 मिलिमीटर भरतात. जुनीचे किती भरतात, ते विद्यार्थ्यांना मोजू द्या. फरकाला 100 ने भागले, की एका सांध्याची सरासरी झीज मिळते. डोळ्यांना न दिसणारी झीज साध्या मोजपट्टीने सापडते, ती अशी.