टाऊ प्रथिन आणि उंदराचा वाढता मेंदू

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या विकारात मेंदूतील चेतापेशींमध्ये ज्या गाठी आढळतात, त्या टाऊ नावाच्या प्रथिनाच्या असतात. परंतु हे प्रथिन मुळात रोगकारक नव्हे. १९७५ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी ते प्रथम वेगळे केले, ते पेशीतील सूक्ष्मनलिका उभारण्यास साहाय्य करणारा घटक म्हणून. मग उपकारक प्रथिन घातक कसे ठरते? या प्रश्नाचा एक धागा उंदराच्या वाढत्या मेंदूत सापडतो.

टाऊचे जनुक एकच असते. पण त्याचा संदेश तयार होताना काही तुकडे ठेवले वा वगळले जातात. यांपैकी दहावा तुकडा, म्हणजे एक्सॉन १०, महत्त्वाचा आहे. तो वगळल्यास प्रथिनात सूक्ष्मनलिकेला धरणारे तीन भाग राहतात, ठेवल्यास चार. तीन भागांच्या टाऊची पकड सैल असते. गर्भावस्थेत चेतापेशींचे तंतू वाढत व वाट शोधत असतात, तेव्हा उंदराच्या मेंदूत हेच सैल पकडीचे टाऊ असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चार भागांचे टाऊ त्याची जागा घेते. प्रौढ उंदरात जवळजवळ तेवढेच उरते.

माणसाचे तसे नाही. गर्भात तीन भागांचेच टाऊ असले, तरी प्रौढ मेंदूत दोन्ही प्रकार साधारण समप्रमाणात असतात. हा समतोल किती नाजूक आहे, हे १९९८ साली दिसून आले. काही कुटुंबांतील आनुवंशिक स्मृतिभ्रंशाचे कारण टाऊच्या जनुकातील बदल असल्याचे तेव्हा सिद्ध झाले. त्यांतील काही बदलांनी प्रथिनाची घडण मुळीच बदलत नाही; फक्त एक्सॉन १० अधिक वेळा ठेवला जातो. एवढ्याने रोग होतो! उर्दूत एका नुक्त्याची जागा बदलली की ‘खुदा’चे ‘जुदा’ होते, तसाच हा प्रकार.

यातून अध्यापकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. प्रौढ उंदराचे टाऊ माणसासारखे नसते. म्हणून संशोधक उंदराचे स्वतःचे टाऊ-जनुक निष्क्रिय करून त्यात मानवी जनुक घालतात. ‘उंदरांवर औषध यशस्वी’ अशी बातमी वाचून रुग्णाच्या घरी आशा पालवते. अशा वेळी उंदीर कोणता व त्याच्या मेंदूत टाऊ कोणते, हे विचारण्याची सवय लावणे हेच विज्ञानशिक्षण होय.